नाताळ, चाकांवरचे घर आणि कुत्रा

नाताळ जवळ आला की ब्रिटनमधील असंख्य कुटुंबांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी निघताना आपल्याकडे ‘घर कोणावर सोपवावयाचे?’ असे विचारतात. तिकडे ‘कुत्र्याचे काय करावयाचे?’ असे विचारतात. प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. परंतु ज्या देशात एक कोटीहून अधिक कुत्री माणसांच्या घरात, बहुधा माणसांच्याच कोचावर राहतात, तेथे तो किरकोळ राहत नाही. अनेक हॉटेलांत कुत्र्याला प्रवेश नसतो. आप्तांकडे जावे तर त्यांच्या घरी मांजर असते किंवा नवा गालिचा असतो. कुत्र्यांची वसतिगृहे असतात, पण त्या आठवड्यातील जागा फार आधीच भरून जातात आणि म्हातारे कुत्रे तेथे अन्न सोडते असाही अनेकांचा अनुभव असतो. आगगाडीने जावे म्हटले तर २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये आगगाड्या धावतच नाहीत.

यावर तेथील मध्यमवर्गाने काढलेला तोडगा म्हणजे कॅराव्हॅन. बिछाने, शेगडी, मोरी आणि शौचकूप यांसह चाकांवर बसविलेले आणि मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाचे हे छोटेसे घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याही कानांवर पडू लागला आहे; मात्र आपल्याकडे तो बहुधा स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीसाठी वापरला जातो. इंग्रज अशा गाडीला मोटारहोम म्हणतो. कॅराव्हॅन ती, जी ओढावी लागते.

महाप्रस्थानाच्या अखेरीस कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा मराठी वाचकास सांगावयास नको. इंग्रज गृहस्थ दारात उभे राहून असा वाद घालीत नाही. जेथे कुत्र्याला मज्जाव आहे तेथे तो जात नाही. स्वतःचे दारच बरोबर घेऊन निघतो. यामागे प्रेम असते हे मान्य केले पाहिजे. पण भर हिवाळ्यात, अपुऱ्या उजेडात, परक्या माळावर त्या मुक्या प्राण्याला सुखरूप ठेवण्यास प्रेम पुरत नाही. तेथे वजन, वायू, अन्न आणि तास यांचा रोकडा हिशेब लागतो. आणि कुत्र्यावर जीव टाकणारी माणसेच पुष्कळदा या हिशेबात कच्ची असतात.

पहिला प्रवासी

हौसेखातर कॅराव्हॅनमधून भटकण्याची ब्रिटनमधील प्रथा ज्यांच्यापासून सुरू झाली असे मानतात, ते विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यवैद्य होते. मुलांसाठी साहसकथा लिहिणारे आणि कुत्र्यांचे जाणकार म्हणूनही ते प्रसिद्ध होते. ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून त्यांनी ‘वाँडरर’ नावाची सुमारे दोन टन वजनाची गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि १८८५ मध्ये बर्कशायरमधील ट्वायफर्डपासून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. बरोबर गाडीवान होता, एक सेवक होता, एक काकाकुवा होता आणि ‘हरिकेन बॉब’ नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा प्रचंड कुत्रा होता. सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि समोरून कोणते वाहन येत असल्यास सूचना देई. म्हणजे ब्रिटनमधील हौशी कॅराव्हॅनच्या पहिल्याच फेरीत कुत्रा होता. तो मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे. पुढे १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली तेव्हा स्टेबल्स यांना उपाध्यक्षपद देण्यात आले. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे जोडावयाच्या कॅराव्हॅन कारखान्यांत तयार होऊ लागल्या आणि श्रीमंती छंद हळूहळू शिक्षक-कारकुनांच्या आटोक्यात आला.

स्टेबल्स यांचा प्रवास मात्र उन्हाळ्याच्या हंगामातला होता. नाताळात असे निघणे ही बऱ्याच अलीकडची गोष्ट आहे. पूर्वी कॅराव्हॅनचे बहुतेक तळ ऑक्टोबरच्या अखेरीस बंद होत आणि ईस्टरच्या सुमारास उघडत. आजही पुष्कळ तसेच करतात. जे बारा महिने चालतात त्यांत नाताळच्या आठवड्यासाठी मोठी मागणी असते. यातील कुत्र्याचा लाभ उघड आहे. इंग्लंड-वेल्समधील अनेक लोकप्रिय समुद्रकिनाऱ्यांवर साधारणपणे मे ते सप्टेंबर या काळात कुत्र्यांना बंदी असते. हिवाळ्यात ती उठते. नॉर्थम्बरलंडमधील बँबरोच्या किल्ल्याखालची रुंद वाळू डिसेंबरात जवळजवळ ओस असते आणि कुत्रा तेथे मनसोक्त धावू शकतो.

तळ निवडताना पहिली पारख करावी लागते ती शब्दांची. जाहिरातीत ‘कुत्र्यांचे स्वागत’ असे छापलेले असते. नियमावली वाचली की कळते की पुष्कळदा कुत्रे केवळ खपवून घेतले जाते. एका जागेवर दोनच कुत्री, तळावर सदैव साखळीला बांधलेली, प्रसाधनगृहात आणि उपाहारगृहात मज्जाव, कॅराव्हॅनमध्ये एकटे ठेवण्यास मनाई, अशी ती स्वागताची कलमे. यांतील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. नाताळच्या दुपारचे जेवण गावातील खानावळीत घ्यावयाचे ठरले आणि तिच्या भोजनकक्षात कुत्र्याला प्रवेश नसला, तर कुत्रे कोठे ठेवणार? पुष्कळ पबमध्ये पुढच्या बाजूस कुत्रा चालतो, आतल्या मेजांपाशी चालत नाही. हे फोनवर विचारून घ्यावयाचे असते, आणि तेही ऑक्टोबरात.

हिशेबाची वही

वजनापासून आरंभ करावा लागतो. प्रत्येक कॅराव्हॅनला कारखान्याने ठरवून दिलेली कमाल वजनाची मर्यादा असते. तिच्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की सामानासाठी उरतात ते सामान्यतः दीडशे किलोच्या आसपास. थंडीची पांघरुणे, सिलिंडर, अन्न, मुलांच्या भेटी यांनी ते झपाट्याने भरतात. कुत्रा स्वतः मोटारीत बसतो. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसाने बसावयाचे नसते आणि कुत्र्यालाही ठेवावयाचे नसते. पण त्याचे बिऱ्हाड मागे येते: पिंजरा, गादी, पंधरा किलोची खाद्याची पिशवी, टॉवेलांचा ढीग. हे सारे मागच्या कोपऱ्यात कोंबले तर वेगात गाडी डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि मोटारीलाही बरोबर ओढते. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात, हा नियम त्यासाठीच आहे. ओढत नेताना वेगाची मर्यादाही निराळी: महामार्गावर ताशी ६० मैल, साध्या दुहेरी रस्त्यावर ५०. म्हणजे नकाशावरचा पाच तासांचा रस्ता सहा-सात तासांचा होतो, आणि दर दोन तासांनी कुत्र्याला खाली उतरवावे लागते. मोटारीत त्याला बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवावे, असे ब्रिटनचा वाहतूक-संकेत सांगतो. मांडीवर बसलेले कुत्रे छायाचित्रात गोड दिसते. अचानक ब्रेक लागला की तेच तीस किलोचे ओझे काचेकडे फेकले जाते.

मग उष्णतेचा प्रश्न. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्रिटनमध्ये हे दोन वायू निरनिराळ्या सिलिंडरांतून मिळतात. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खालीच द्रवरूप राहू लागतो, त्याचा वायू होत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. उन्हाळी सहलीचा उरलेला ब्युटेनचा सिलिंडर घेऊन नाताळास निघालेले कुटुंब पहाटे जागे होते ते सिलिंडर भरलेला आणि शेगोटी विझलेली अशा अवस्थेत. विजेचा आधार असतो, पण तोही मोजका. तळावरील जोडणी अनेक ठिकाणी १६ अँपिअरची, काही ठिकाणी १० अँपिअरचीच असते. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २,३०० वॅट. दोन हजार वॅटची शेगोटी चालू असता कोणी चहाची विजेची किटली लावली की सारे बंद.

येथे घरातील सर्वांत ठेंगण्या सभासदाच्या उंचीवरून विचार करावयास हवा. माणसे बाकावर झोपतात, कुत्रे जमिनीवर. कॅराव्हॅनची जमीन ही तिची सर्वांत थंड जागा. खालून वारा वाहत असतो. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो प्रथम जमिनीलगत साचतो. त्यासाठीच तळाशी झरोके ठेवलेले असतात. थंडी आत येते म्हणून, किंवा ‘बिचाऱ्याला वारा लागतो’ म्हणून, हे झरोके चिंध्यांनी बुजविणारे लोक असतात. वारा अडतो, पण गळलेल्या वायूची वाटही बंद होते. वरचे झरोके बुजविले तर धोका आणखी वाढतो, कारण अपुऱ्या हवेत जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस व कुत्रा असा भेद करीत नाही. कुत्र्याची गादी चार बोटे उंच लाकडी फळीवर ठेवावी, झरोके मोकळे सोडावेत आणि त्या वायूची सूचना देणारे यंत्र भिंतीला लावावे. याला खर्च फारसा नाही.

उजेडाचे गणितही निराळे आहे. डिसेंबरअखेर दक्षिण इंग्लंडमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस त्याहूनही अर्धा तास आधी. सकाळी आठपर्यंत अंधार. सोळा तासांच्या रात्रीत ज्या कुत्र्याचे पाय मोकळे झालेले नाहीत ते अरुंद जागेत येरझारा घालते, भुंकते, आणि पातळ भिंतींपलीकडचे शेजारी जागे होतात. म्हणून दिवसाचा कार्यक्रम जेवणाभोवती नव्हे तर उजेडाभोवती आखावा लागतो: मोठी रपेट सकाळी नऊ ते बारा, दुसरी तीनच्या आत. परत येताना कुत्रे चिखलाने माखलेले असते. कॅराव्हॅनच्या दाराला जोडावयाची कापडी पडवी मिळते. ती नसेल तर ओले कुत्रे आणि चार माणसांचे बिछाने एकाच खोलीत येतात. ज्यांनी हे एकदा अनुभवले आहे ते पडवीच्या वजनाबद्दल तक्रार करीत नाहीत.

ताटातले विष

संत नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांची चिंता. नाताळच्या जेवणाशी बसलेल्या इंग्रज आजीबाईंचा भाव याहून निराळा नसतो. मेजाखाली हात जातो आणि ताटातला घास कुत्र्याच्या तोंडी पडतो. दुर्दैवाने नाताळचे ताट हे कुत्र्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत घातक ताट आहे. नाताळचे पुडिंग, मिन्स पाय आणि फळांचा केक यांत मनुका व बेदाणे ठासून भरलेले असतात, आणि त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती मनुका चालतील याचे सुरक्षित प्रमाण पशुवैद्य सांगू शकत नाहीत. म्हणून एकही देऊ नये असे ते सांगतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते, कुत्र्याच्या शरीरात रेंगाळते आणि हृदयावर परिणाम करते. चॉकलेट जितके काळे तितके वाईट. टर्कीच्या पोटात भरलेल्या सारणात कांदा असतो, तोही विषारी. शिजलेल्या हाडाच्या कपच्या होऊन आतडी फाटू शकतात. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्यांनी रक्तातील साखर एकदम खाली येते.

घरी ही पथ्ये पाळणे सोपे असते. कॅराव्हॅनमध्ये कपाट कमरेच्या उंचीवर, कचऱ्याची पिशवी दारामागे आणि झाडाखालच्या भेटींतील चॉकलेटचा डबा कुत्र्याच्या नाकापुढे असतो. अपघात झालाच तर तो बहुधा २५ तारखेच्या दुपारी होतो, ज्या दिवशी पशुवैद्याचे नेहमीचे दार बंद असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यान्वये त्या दिवशी २८० चौरस मीटरहून मोठी दुकानेही उघडता येत नाहीत. तळाजवळील रात्रंदिवस चालणारा पशुदवाखाना कोणता, तेथवर किती मैल आहेत आणि त्याचा फोन काय, हे निघण्यापूर्वी लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटविणे ही साधी खबरदारी आहे. गळपट्ट्याचेही तसेच. १९९२ च्या आदेशाप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर धन्याचे नाव-पत्ता असावा लागतो, आणि इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चकती बसविणेही सक्तीचे आहे. परंतु लंडनच्या घराचा पत्ता गळ्यात असलेले कुत्रे नॉर्फकच्या किनाऱ्यावर हरवले तर त्या पत्त्याचा उपयोग काय? सुट्टीपुरता मोबाइल क्रमांक आणि तळाचे नाव असलेला बिल्ला वेगळा करून घ्यावा लागतो.

इतर जिवांचा हिवाळा

कुत्र्यावरील प्रेमाचा एक दोष असा की त्याला इतर प्राणी दिसत नाहीत. डिसेंबरात डोंगराळ भागातील मेंढ्या गाभण असतात. कुत्र्याने चावा न घेता केवळ पाठलाग केला तरी त्यांचा गर्भ पडतो, आणि त्या मेंढपाळाचे वसंतातील उत्पन्न बुडते. गुराढोरांना कुत्र्याने सतावणे हा १९५३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे आणि विशिष्ट परिस्थितीत कळपावर धावलेले कुत्रे गोळी घालून मारणाऱ्या शेतकऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळते. किनाऱ्यावरही हेच. नॉर्फकमधील हॉर्सी आणि लिंकनशायरमधील डोना नूक येथे नोव्हेंबर-डिसेंबरात राखाडी सील वाळूवर येऊन पिलांना जन्म देतात. पांढऱ्या लवीची ती पिले पळू शकत नाहीत आणि बिथरलेली आई त्यांना सोडून जाऊ शकते. उन्हाळ्यातील बंदी उठली म्हणून सगळा किनारा कुत्र्याचा झाला, असा समज करून घेणाऱ्यांसाठी तेथे कुंपणे घालावी लागतात.

काही कुटुंबे याच आठवड्यात खाडी ओलांडून फ्रान्सला जातात. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने विलग ठेवण्याचा ब्रिटनचा जुना नियम २००० मध्ये सैल झाला आणि पाळीव प्राण्यांच्या पारपत्रांमुळे हा प्रवास सोपा झाला होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, तेथे दिलेली ती पारपत्रे निरुपयोगी ठरली. परतताना पट्टकृमीवरील औषध प्रवेशाच्या आधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याकडून द्यावे लागते, आणि नाताळच्या सुट्टीत परक्या गावी असा वैद्य शोधणे म्हणजे निम्मी सहल त्यातच घालविणे. नाताळापुरते तरी देशातच राहिलेले बरे.

एका विसंगतीकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. चाकांवरचे घर आणि त्यामागे धावणारे कुत्रे ही स्टेबल्स यांच्या कितीतरी आधीपासून ब्रिटनमधील जिप्सी व अन्य भटक्या समाजांची जीवनरीत होती. २०२२ च्या पोलीसविषयक कायद्याने परवानगीवाचून जमिनीवर वाहनासह मुक्काम करून राहणे विशिष्ट परिस्थितीत गुन्हा ठरविले, आणि त्याचा रोख याच लोकांवर असल्याची टीका झाली. एकाला नाताळच्या आठवड्याचे भाडे भरून जी हौस विकत घेता येते, तीच दुसऱ्याच्या बाबतीत पोलिसांचा विषय होते. महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा इतिहास ठाऊक असलेल्यास यात नवल वाटणार नाही.

सहल नववर्षापर्यंत लांबवायची की नाही, याचाही निर्णय कुत्र्याकडे पाहूनच घ्यावा लागतो. ३१ डिसेंबरच्या रात्री इंग्लंडमध्ये फटाके उडविण्याची मुभा अकराऐवजी मध्यरात्रीनंतर एकपर्यंत असते. विटांच्या घरात पडदे ओढून, रेडिओ लावून कुत्र्याला धीर देता येतो. पत्र्या-प्लायवूडच्या भिंतींत तो आवाज अडत नाही. त्या रात्री उघड्या दारातून निसटलेले कुत्रे अनोळखी मुलखात दिशाहीन धावते. आवाजाला भिणारे कुत्रे असेल तर ३० तारखेला घरी परतणे शहाणपणाचे.

‘नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीग’ या संस्थेने १९७८ मध्ये एक घोषणा प्रचारात आणली. कुत्रा नाताळपुरता नसतो, जन्मभराचा असतो, असा तिचा आशय. नाताळची भेट म्हणून पिलू घ्यावयाचे आणि उत्सव संपताच ते टाकून द्यावयाचे, या प्रकाराविरुद्ध ती होती. आज ‘डॉग्ज ट्रस्ट’ या नावाने काम करणाऱ्या या संस्थेची ती घोषणा ब्रिटनमध्ये सर्वतोमुखी आहे. तिचा अर्थ थोडा पुढे नेला तर असे दिसेल की सहलीस बरोबर नेणे हे काही दर वेळी कुत्र्याच्या हिताचे नसते. २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये धन्यावर प्राण्याच्या गरजा भागविण्याची जबाबदारी टाकली आहे. योग्य जागा आणि वेदना, यातना, इजा व रोग यांपासून संरक्षण या त्यांतल्याच. सांधे दुखणारे तेरा वर्षांचे कुत्रे कॅराव्हॅनच्या उंच, ओल्या पायरीवरून दिवसातून सहा वेळा चढ-उतार करू शकत नाही. त्याच्यासाठी ओळखीच्या माणसाने त्याच्याच घरी येऊन राहणे बरे, आणि तेही जमत नसेल तर कुटुंबाने त्या वर्षी घरीच नाताळ करावा. ‘आम्ही त्याला कधीच मागे ठेवीत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी तो अभिमान नेमका कोणाच्या सोयीचा आहे हे तपासून पाहावे.

याची परीक्षा आधी घेता येते. नोव्हेंबरातील एका शनिवारी घरापासून वीस-पंचवीस मैलांवरील तळावर एक रात्र काढावी. सिलिंडर प्रोपेनचा, पडवी लावलेली, कुत्र्याची गादी फळीवर. कुत्रे खाते का, पहाटेपर्यंत झोपते का, शेजारची गाडी आली की किती वेळ भुंकते, पायरी चढताना थबकते का, हे पाहावे. नाताळच्या जागेची आगाऊ रक्कम परत मिळण्याची मुदत कधी संपते ते नियमावलीत दिलेले असते. हा शनिवार त्या तारखेच्या अलीकडचा निवडावा.